स्वाहिली शिकायची तर शब्द एकटा लिहू नका, वाक्यासकट लिहा

माझा भाचा नोकरीसाठी टांझानियातल्या दार-एस-सलामला चाललाय, तिथे स्वाहिली बोलतात, म्हणून गेले चार महिने जेवणं झाली की आम्ही दोघं गच्चीवर बसून स्वाहिली शिकून राहिलो. सुरुवातीला त्याने नेटवरून इंग्रजी अर्थांची लिस्ट काढली आणि आठवडाभर घोकली, पण साधं एक वाक्य जुळेना, कारण आधी स्वाहिलीचं इंग्रजी आणि मग इंग्रजीचं मराठी करण्यातच दम जातो. तेव्हा वही काढा आणि सरळ मराठीतून शिका.

पहिल्या पानावर ओळखीचे शब्द लिहा, म्हणजे धीर येतो. दुका म्हणजे दुकान, गारी गाडी, पेसा पैसे, रांगी रंग, साबुनी साबण, हेसाबू हिशोब, बीमा विमा, चाय म्हणजे चहाच, आणि चपाती तर चपातीच. स्वाहिली हे नावच अरबीतल्या 'सवाहिल' म्हणजे किनारे या शब्दावरून पडलंय, आणि आफ्रिकेच्या त्या पूर्व किनाऱ्यावर अरबांची आणि आपली गलबतं शेकडो वर्षं वाऱ्याच्या हिशोबाने ये-जा करायची, मालासोबत शब्दही उतरले. फक्त नात्यांत सांभाळा, तिथे दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. 'दादा यांगू अनासोमा नागपूर' म्हणजे माझी बहीण नागपूरला शिकते.

उच्चार आपल्याला सोपे आहेत, जसं लिहिलं तसंच वाचायचं, जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. च आणि ज मात्र चिमणीतला आणि जीवातला घ्या, चोरातला आणि जाडातला नको. एकला 'मोजा' म्हणतात, पण तो आपला मोजा नव्हे, त्यात ज जीवाचा आहे.

आता मुख्य गोष्ट, इथे घाई करू नका. आपल्याकडे अनेकवचनात शब्दाचं शेपूट बदलतं, त्यांच्याकडे तोंड बदलतं. संत्रं म्हणजे चुंग्वा, संत्री म्हणजे माचुंग्वा. मोठं म्हणजे कुब्वा, तर मोठं संत्रं 'चुंग्वा कुब्वा' आणि मोठी संत्री 'माचुंग्वा माकुब्वा'. मोठं-मोठी हे आपण न शिकता बोलतो ना, तसंच हे आहे, फक्त पुढच्या बाजूने. माणूस म्तू, माणसं वातू. खुर्ची कीती, खुर्च्या वीती. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अरबीतून 'किताब' तिथे गेला, त्याचा किताबू झाला, आणि सुरुवातीचा 'कि' त्यांना त्यांच्याच कीतीतल्या 'की'सारखा वाटला, म्हणून पुस्तकं झाली विताबू! म्हणून वहीत शब्द लिहिताना जोडी लिहा, एकवचन आणि अनेकवचन शेजारी शेजारी.

क्रियापद म्हणजे मणी ओवण्याचं काम. कोण, कधी, काय, या क्रमाने ओवा. नि म्हणजे मी, उ तू, अ तो किंवा ती, तू म्हणजे आम्ही. मग काळ, ना चालू, ली झालेला, ता पुढचा. शेवटी क्रिया, नुनुआ म्हणजे विकत घेणं.

निनानुनुआ माचुंग्वा: मी संत्री विकत घेतोय.
जाना निलिनुनुआ माचुंग्वा: काल मी संत्री घेतली.
केशो तुतानुनुआ माचुंग्वा: उद्या आम्ही संत्री घेऊ.

एकच क्रिया घेऊन सगळे मणी बदलून बघा, अर्ध्या तासात बारा वाक्यं होतात. आणि बाजारात, दुकानात यातला आपला 'त' तिथे 'नी' होऊन येतो, दुकानी म्हणजे दुकानात, सोकोनी बाजारात, न्युम्बानी घरी. नागपुरात कळमन्याच्या मार्केटात उभं राहून भाच्याला मी विचारायला लावलं, 'माचुंग्वा हाया नी बेई गानी?', ही संत्री केवढ्याला. समोर ढीग दिसत असला की शब्द डोक्यात पक्का बसतो.

तिथे गेल्यावर कामाआधी चौकशी करायची असते, थेट मुद्द्यावर आलं तर ते बरं दिसत नाही. 'हबारी गानी?' म्हटलं की 'न्झुरी', म्हणजे बरं आहे. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. शिकामोचा मूळ अर्थ पाय धरतो असा सांगतात, आपल्या पाया पडतोसारखाच, तेव्हा हा शब्द मनापासून म्हणा. काही मागताना 'नाओम्बा माजी', पाणी द्याल का. समजलं नाही तर 'सिएलेवी', आणि 'पोलेपोले तफादाली', हळू बोला प्लीज.

एक नीट लक्षात ठेवा, वेळ. त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं, विषुववृत्ताजवळ वर्षभर साधारण सहालाच उजाडतं, म्हणून सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास, आणि दुपारचे बारा म्हणजे 'सा सिता', सहावा. कोणी 'सा म्बिली असुबुही' म्हटलं तर सकाळी 8 वाजता हजर राहा, 2 नाही. भाच्याच्या मोबाईलवर मी दोन घड्याळं लावून दिलीत, एक नेहमीचं, एक सहा तास मागचं, आणि आता रोज रात्री गच्चीवर चढताना आधी तो वेळ स्वाहिलीत सांगतो, मग बसतो.