हेडलाइटचा बल्ब वारंवार उडत असेल तर

सोलापुरात अक्कलकोट रोडवरील यंत्रमाग कारखान्यातून रात्रपाळी संपवून परतताना हेडलाइट अचानक गेला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून महिन्याभरात दुसरा बल्ब उडाल्यास तिसरा बसवण्यापूर्वी मूळ कारण शोधावे. गाडी चालू करून रेस वाढवावी आणि मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे यंत्र) बॅटरीच्या टोकांना लावावा: व्होल्टेज १४.५ च्या आसपास थांबले तर ठीक, परंतु १५ च्या पुढे चढत राहिल्यास बहुधा रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) किंवा त्याचे अर्थिंग बिघडलेले असते. सैल होल्डरमध्ये खड्ड्यांच्या हादऱ्यांनी फिलामेंट तुटते, तेव्हा तोही हलवून पाहावा. नवीन हॅलोजन बल्बच्या काचेला बोट मुळीच लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा तापून काच तिथेच कमकुवत होते. लागलेच तर स्पिरिटने पुसावे.