टिग वेल्डिंगची सुरुवात: टंगस्टन आणि गॅस आधी नीट घ्या
टिग, म्हणजे आपलं आर्गॉन वेल्डिंग, शिकायचं असेल तर हात २ मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) किंवा एसएस (स्टेनलेस स्टील) पत्र्यावर बसवा. त्याला साधं डीसी मशीन पुरतं. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतं, ते नंतर. टॉर्च निगेटिव्हला, पत्र्याला लावायची अर्थ केबल पॉझिटिव्हला. गॅस शुद्ध आर्गॉनच हवा. कार्बन डायऑक्साइड मिसळलेला मिगचा (तार आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंगचा) सिलिंडर लावलात तर टंगस्टन, म्हणजे टॉर्चमधली आर्क (विजेची ठिणगी) पेटवणारी कांडी, काळा पडून जळतो. फ्लो मिनिटाला ७-८ लिटर ठेवा आणि जवळचा पंखा बंद करा.

टंगस्टन १.६ मिमीचा, लँथेनेटेड (लँथॅनम मिसळलेला) घ्या. लाल टोकाचा थोरिएटेड (थोरियम मिसळलेला) सर्रास मिळतो, पण थोरियम किरणोत्सारी आहे आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते. तो टाळलेलाच बरा. टोक काढताना टंगस्टन ग्राइंडरच्या चाकाच्या फिरण्याच्या रेषेत धरा, म्हणजे रेघा लांबीच्या दिशेनं पडतील; आडव्या रेघा पडल्या की आर्क भरकटतो. टोक वितळलेल्या धातूला टेकलं तर तसंच रेटू नका, थांबून परत घासा.

फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायची कांडी, एमएसला ईआर७०एस-२, एसएस ३०४ ला ३०८एल. पत्रा चकचकीत घासून अ‍ॅसिटोननं पुसा, आणि तो पूर्ण वाळल्यावरच आर्क पेटवा.