घरातले स्पीकर आधी तपासा, मगच होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर निवडा

स्पीकर सुस्थितीत आहेत आणि फक्त अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा आहे, अशा वेळी निवडीची सुरुवात स्पीकरच्या पाठीमागे चिकटवलेल्या पट्टीपासून करावी. बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत चौकशी करताना आपण बहुधा 'किती वॅटचा?' असेच विचारतो. वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न ओहमचा, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला किती अडथळा करतो त्याचा, आणि दुसरा संवेदनशीलतेचा.

ओहमचा आकडा जितका लहान, तितका स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरकडून अधिक विद्युतप्रवाह ओढतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तितका अधिक तापतो. बाजारातील पुष्कळ एव्ही रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचे संकेत घेऊन स्पीकर वाजवणारे होम थिएटरचे अ‍ॅम्प्लिफायर) 6 ते 16 ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात, काहींना 4 ओहमही चालतो. ही मर्यादा मागच्या बाजूला किंवा माहितीपुस्तिकेत छापलेली असते आणि ती स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पट्टीवरचा आकडा नाममात्र असतो, हेही ध्यानात ठेवावे. स्वराच्या वारंवारतेनुसार तो खालीवर होतो, त्यामुळे 4 ओहमचा स्पीकर काही स्वरांना त्याहूनही खाली उतरतो. आठ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीला समांतर लावले, तर अ‍ॅम्प्लिफायरला ते 4 ओहमचेच भासतात.

पट्टी गळून पडली असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकरच्या दोन्ही तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवाव्यात, मीटर 200 ओहमवर ठेवावा, मीटरची दोन्ही टोके एकमेकांना लावून त्याच्या तारांचा आकडा पाहून घ्यावा आणि तो स्पीकरच्या मापातून वजा करावा. मीटर नाममात्र आकड्यापेक्षा कमीच दाखवतो. सहाच्या आसपास माप आले तर स्पीकर बहुधा 8 ओहमचा, तीन-साडेतीन आले तर 4 ओहमचा असतो. माप मुळीच आले नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकरच दुरुस्तीला न्यावा लागेल.

डीव्हीडी प्लेअरसह एकाच खोक्यातून आलेल्या होम थिएटर संचांबाबत विशेष काळजी हवी. त्यांतील अनेक स्पीकर 3 ओहमचे असतात, आणि सबवूफरमध्ये (खर्जाच्या स्पीकरमध्ये) स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसल्याने तो नव्या रिसीव्हरच्या सबवूफर जोडणीवर वाजणारच नाही, कारण तेथून केवळ संकेत मिळतो, शक्ती मिळत नाही. अशा संचासाठी महागडा रिसीव्हर घेणे मला पटत नाही. तेच पैसे आधी दोन चांगल्या स्पीकरांवर खर्च करावेत.

संवेदनशीलता म्हणजे ठरावीक संकेत दिल्यावर, सामान्यतः 1 वॅटला, 1 मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो याचे माप. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. म्हणजे 85 डेसिबलच्या स्पीकरला 91 डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज देण्यासाठी चौपट शक्ती लागते. टिळकवाडीतील फ्लॅटच्या दहा बाय बारा फुटांच्या हॉलमध्ये 88 डेसिबलच्या स्पीकरला खरे 50 वॅट पुष्कळ होतात. खानापूर भागातील कौलारू घरात सोपा माजघराकडे उघडा असेल, बसण्याची जागा लांब असेल, तर मात्र शक्ती जास्त धरावी. ऐंशी आणि शंभर वॅटमधला फरक कानाला जेमतेम एका डेसिबलचा आहे. त्यासाठी वरचे मॉडेल घेण्याची गरज नाही.

आता वॅट. खोक्यावरील '150 वॅट' हा आकडा अनेकदा 6 ओहमवर, एकच चॅनेल (एका स्पीकरचा मार्ग) चालवून, 1 किलोहर्ट्झच्या एकाच स्वराला, आवाजात 1 किंवा 10 टक्के विकृती मान्य करून काढलेला असतो. 8 ओहमवर, दोन चॅनेल एकत्र चालवून, 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत मोजलेला आकडाच तुलनेसाठी धरावा, आणि पाचही चॅनेल जोरात वाजताना प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येते हे गृहीत धरावे. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला) आकडा विचारातच घेऊ नये. कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला तर त्याचा आवाज फाटतो आणि त्या फाटक्या संकेताने आधी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळण्याची भीती असते; म्हणून थोडी शक्ती राखीव असावी.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा रिसीव्हर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावू नये. टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून रिसीव्हरकडे परत आणणारी एआरसी किंवा ईएआरसी जोडणी टीव्हीला आहे का, तेही पाहून ठेवावे.

शक्य असल्यास आपला एक स्पीकर दुकानात नेऊन, ओळखीच्या संवादांवर ऐकून निर्णय घ्यावा. रिसीव्हर घरी बसवताना त्याच्या वर चार-सहा इंच जागा मोकळी ठेवावी. बंद कपाटात, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात, 4 ओहमचे स्पीकर चालवणारा रिसीव्हर लवकर तापतो. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर असेल तर लहान स्पीकर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'स्मॉल' वर ठेवून क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) 80 हर्ट्झपासून सुरू करावा, म्हणजे खर्जाचा भार रिसीव्हरवरून उतरतो. आवाज वाढवताच रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला, तर प्रथम तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकतो आहे का ते पाहावे आणि त्यानंतर ओहमचे माप पुन्हा घ्यावे.