चिप टायमिंग लावताय? आयोजकांनो, या चुका टाळा

आता तालुक्याच्या गावातसुद्धा हाफ मॅरेथॉन होते आणि पोस्टरवर चिप टायमिंग, म्हणजे प्रत्येक रनरची वेळ चिपने मोजणार, असं ठळक छापलेलं असतं, चांगलीच गोष्ट आहे, पण टायमिंगवाल्याला पैसे दिले की आपलं काम संपलं असं बऱ्याच आयोजकांना वाटतं. तसं नसतं. रनरने महिनोन् महिने पहाटे उठून प्रॅक्टिस केलेली असते, त्याची वेळ त्याला बरोबर मिळायलाच हवी.

सगळ्यात आधी बिब, म्हणजे रनरच्या नंबरचा कागद. मागे चिकटवलेली ती पातळ चिप असते ना, तिच्यात बॅटरी नसते, स्टार्ट-फिनिशला जमिनीवर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं आणि धातू अडवतो. म्हणून बिब छातीवर, समोर, न दुमडता लावायचा, पाठीवर नाही, जॅकेटच्या आत नाही, पाण्याच्या बेल्टखाली तर नाहीच. सेफ्टी पिन चिपमधून घालू नका. बऱ्याच चिपवर फोमची छोटी पट्टी असते, ती चिपला अंगापासून जरा लांब ठेवते, ती पॅकिंग समजून कोणी उपटू नये. हे सगळं बिब वाटतानाच सांगा, जमलं तर बिबवरच छापा, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज सगळे वाचत नाहीत.

दुसरी चूक एक्सेलमधली, आणि ही खरंच डोकं फिरवते. कुठली चिप कुठल्या बिबवर आहे याची एक फाइल असते. चिपच्या कोडमध्ये आकडे आणि मधेच एक ई आला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं आणि कोड बदलून टाकतं, काही कोडचे सुरुवातीचे शून्य उडतात. मग रनर मॅटवरून जातो, चिप वाचली पण जाते, पण ती कुणाची हेच सिस्टीमला कळत नाही! तो कॉलम आधीच टेक्स्ट करून घ्या, आणि प्रत्येक बिब वाटण्याआधी एकदा अँटेनासमोर धरून स्क्रीनवर बरोबर नाव येतंय का बघा. वेळखाऊ काम आहे, पण टाळू नका. आयत्या वेळी बिबची अदलाबदल झाली तर तीही लगेच नोंदवा, नाहीतर महिलांच्या गटात पुरुषाचं नाव पहिलं येतं.

घड्याळं. स्टार्ट आणि फिनिश वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर नोंद घेणारी दोन मशीन असतात, त्यांच्यात आठ सेकंदांचा फरक असेल तर प्रत्येकाच्या चिप टाइममध्ये, म्हणजे स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून फिनिशपर्यंतच्या वेळेत, आठ सेकंदांची चूक. एक मशीन जीपीएसच्या जागतिक वेळेवर आणि दुसरं भारतीय वेळेवर राहिलं तर थेट साडेपाच तासांचा घोळ. रेसच्या सकाळी एकच चिप दोन्ही मशीनवरून नेऊन बघा.

स्टार्टला लोक वॉर्मअप करत मॅटवर येजा करतात, त्यामुळे सुटायच्या आधीच नोंदी होतात. म्हणून स्टार्टला शेवटची नोंद धरायची आणि फिनिशला पहिली, हे सेटिंग टायमिंगवाल्याला विचारून घ्या. २१ आणि १० किलोमीटर वेगवेगळ्या वेळी सोडणार असाल तर प्रत्येक गटाची खरी सुटायची वेळ सेकंदासकट लिहून द्या, पत्रिकेतली नाही, कारण पाहुण्यांचं भाषण लांबतंच.

फिनिशच्या पुढे मेडल, केळी, फोटो, सगळं मॅटला खेटून ठेवू नका. गर्दी तिथेच उभी राहिली की त्यांच्याच चिपा पुन्हा पुन्हा वाचल्या जातात आणि मागून येणाऱ्याची सुटू शकते. मॅटखाली लोखंडी जाळी किंवा गटाराचं झाकणही नको. काही मीटरवर दुसरी मॅट असावीच, आणि शिवाय घड्याळ दिसेल असा एक मोबाइल स्टँडवर रेकॉर्डिंगला लावा.

बक्षीस कुठल्या वेळेवर देणार ते आधीच जाहीर करा. वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमात अधिकृत वेळ रेस सुटतानाच्या बंदुकीपासून मोजतात, चिप टाइम ही रनरची वैयक्तिक वेळ. दोघं एकदम आले तर छाती कुणाची आधी पोचली ते चिप सांगत नाही, तिथे व्हिडिओच लागतो.

वळणाच्या ठिकाणी मॅट नसेल तर अर्ध्यातून फिरणारा पकडणार कसा? १९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझला महिला विजेती जाहीर केलं होतं, पुढे कळलं की तिने पूर्ण रेस धावलीच नव्हती, मग पदक जॅकलिन गॅरोला मिळालं. तेव्हा चिप नव्हत्या, आज आहेत, मग बजेट वाचवायला ती मॅट कापू नका.

आणि आवराआवर करण्याआधी टायमिंगवाल्याकडून एक यादी मागाच, स्टार्टला नोंद आहे पण फिनिशला नाही अशांची. घाटातल्या रेसला तर हे फार महत्त्वाचं आहे. त्यातले काही मधेच सोडून घरी गेलेले असतात, काहींची चिप वाचली गेलेली नसते, पण एखादा खरंच वर कुठेतरी क्रॅम्प येऊन बसलेला असू शकतो, म्हणून प्रत्येकाला फोन लावा आणि सगळे सापडेपर्यंत ॲम्ब्युलन्स सोडू नका.