डिकीचं कुलूप आणि तेलाचा चिखल

सारंगखेड्याच्या यात्रेहून परतताना आमच्या कॅम्पर व्हॅनच्या बाजूच्या डिकीचं कुलूप अडकलं. चावी अर्धी फिरायची, पुढे ढिम्म. चूक माझीच, दर महिन्याला आत तेल सोडायचो. त्यात धूळ बसून काळा चिखल झालेला.

सीटखालची फळी काढून आतून हात घातला, मागचा नट सोडवला, कुलूप बाहेर. ते खिशात घालूनच धुळ्यातलं हार्डवेअरचं दुकान गाठलं. दारातलं भोक १९ मिलिमीटरचं, नवं कुलूप त्याला जुळलं. खरी गोम कुलपाच्या नळीच्या, म्हणजे दारातून आरपार जाणाऱ्या भागाच्या लांबीत. आखूड नळी दाराच्या जाडीतून पलीकडे निघतच नाही, मग नट लावणार कुठे? नव्याची जीभ, म्हणजे चावी फिरवल्यावर आत अडकणारी पट्टी, सरळ निघाली, म्हणून त्यावर जुन्याची वाकडीच बसवली.

आता तेल बंद. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी कुलपात फुंकतो. संपली तर चावीवर पेन्सिल घासतो, तिच्या शिशातही ग्रॅफाइटच.