‘राग आला’च्या पलीकडे: भावना सांगणारी क्रियापदे कशी शिकावीत

मराठीत नुसत्या रागासाठी वीसेक क्रियापदे सहज सापडतात. तरी बोलता-लिहिताना आपण ‘राग आला’, ‘वाईट वाटलं’, ‘भीती वाटली’, ‘छान वाटलं’ या चारांवरच भागवतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हे सुटत नाही. यादीत ‘रागावणे, चिडणे, संतापणे, रुसणे’ एका ओळीत असतात आणि ती पाठ केलेला विद्यार्थी निबंधात ‘शत्रूची फौज पाहून राजा रुसला’ असे लिहून मोकळा होतो. अर्थ जवळचा, वाक्य साफ चुकीचे. म्हणून शब्दाबरोबर चार गोष्टी शिकायच्या: ही भावना कोणाला होते, ती किती टिकते, बाहेर दिसते की आत राहते, आणि वाक्यात तिच्यासोबत कोणता प्रत्यय येतो.

आधी शब्द गोळा करा

एका वेळी एकच भावना घ्या. कोरा कागद घेऊन दहा मिनिटे आठवतील ती क्रियापदे लिहा. शब्दकोश अजून उघडू नका, कारण जे शब्द तुम्हाला ऐकून माहीत आहेत पण वापरात नाहीत तेच सर्वांत लवकर तोंडी बसतात. मग घरातल्या मोठ्यांना विचारा, पण ‘रागावणेला दुसरा शब्द सांगा’ असे नको. प्रसंग द्या: ‘मूल खाऊ न मिळाल्यामुळे तोंड फुगवून कोपऱ्यात बसलंय, त्याला काय म्हणाल?’ आजी लगेच ‘फुरंगटलंय’ म्हणेल. शब्द विचारला की माणसे अडखळतात, प्रसंग दिला की शब्द आपोआप येतो.

शब्दकोश तिसऱ्या फेरीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. तिथे क्रियापद सकर्मक आहे की अकर्मक हे पाहून घ्या. एक काळजी मात्र घ्यावी: या कोशांतले बरेच शब्द आज कानावर पडत नाहीत. जो शब्द तुम्ही किंवा घरातल्या कोणी कधी ऐकलेला नाही, तो ओळखीपुरता ठेवा, वापरायच्या वहीत घेऊ नका.

रागाचे घर

सुरुवात रागापासून केलेली बरी, कारण फरक सर्वांत स्पष्ट इथेच दिसतात.

‘चिडणे’ लहानसहान कारणाने होते आणि लवकर उतरते. ‘संतापणे’मागे बहुतेक वेळा अन्याय किंवा मोठा अपमान असतो. ‘वैतागणे’ एका घटनेने होत नाही. तीच कटकट पुन्हापुन्हा व्हावी लागते. ‘भडकणे’ अचानक, आणि आगीसारखे पसरणारे; म्हणून माणूस भडकतो, दंगल भडकते, महागाईसुद्धा भडकते. ‘खवळणे’ समुद्राला, जमावाला आणि मोठ्या ताकदीच्या माणसाला शोभते. चार वर्षांचे पोर खवळत नाही.

आत राहणारा राग वेगळा. ‘धुसफुसणे’ म्हणजे स्पष्ट न बोलता पुटपुटत, भांडी आपटत राग दाखवणे. ‘चडफडणे’ (चरफडणेही म्हणतात) तेव्हा, जेव्हा राग आहे पण काही करता येत नाही. ‘जळफळणे’त दुसऱ्याचे चांगले झाल्याची पोटदुखी असते. ‘तळतळणे’ अन्याय सोसलेल्या माणसाचे, आणि त्याचा तळतळाट लागतो असे लोक मानतात. ‘रुसणे’ फक्त जवळच्या माणसावर. त्यात मनधरणीची अपेक्षा असते. ज्याच्याकडून समजूत काढली जाण्याची आशाच नाही, त्याच्यावर कोणी रुसत नाही. राजा शत्रूच्या फौजेवर का रुसू शकत नाही, ते इथे कळते.

‘खेकसणे’, ‘डाफरणे’, ‘करवादणे’ ही बोलण्याची क्रियापदे आहेत. राग त्यांच्या आवाजात असतो, म्हणून संवाद लिहिताना ‘रागाने म्हणाला’ऐवजी ती थेट वापरता येतात.

प्रत्यय शब्दाइतकाच महत्त्वाचा

एकच प्रत्यय बदलला की अर्थ कसा फिरतो पाहा. ‘आई माझ्यावर रागावली’ म्हणजे तिला माझा राग आला. कदाचित ती एक शब्दही बोलली नसेल. ‘आई मला रागावली’ म्हणजे ती मला बोलली, तिने दटावले. म्हणून वहीत ‘रागावणे’ एकदा न लिहिता दोनदा लिहायचे, दोन वाक्यांसह.

बाकीच्यांचे असे: रुसणे, चिडणे, खेकसणे, डाफरणे, भाळणे यांना ‘वर’ लागतो. कंटाळणे आणि घाबरणे यांना ‘ला’ लागतो: ‘त्याच त्या जेवणाला कंटाळलो’, ‘कुत्र्याला घाबरतो’. हिंदीच्या सवयीने ‘कुत्र्यापासून घाबरतो’ म्हटले जाते, ते टाळा. वैतागणे दोन्हीकडे जाते: कटकटीला वैतागतो, माणसावर वैतागतो. दचकणे, हुरळणे यांचे कारण ‘ने’ने येते: ‘आवाजाने दचकला’, ‘कौतुकाने हुरळला’. झुरणे कोणासाठी तरी असते. ‘कचरणे’ला दुसरे क्रियापद लागते आणि ते बहुधा नकारातच शोभते: ‘खोटं बोलायला तो कचरत नाही.’

भूतकाळात यातली बहुतेक क्रियापदे कर्त्याप्रमाणे चालतात: ती रुसली, तो घाबरला, मुले बावरली. ‘त्याने घाबरले’ चूक. पण वाक्प्रचारात ‘फोडणे’, ‘पसरणे’ असे सकर्मक क्रियापद आले की ‘ने’ परत येतो आणि क्रियापद सोबतच्या नामाप्रमाणे चालते: ‘तिने हंबरडा फोडला’, ‘त्याने भोकाड पसरलं’. नामाचे लिंगही इथेच पक्के करा. भीती वाटली, पण राग आला. आणि ‘मजा आला’ नव्हे, ‘मजा आली’.

आणखी एक खाचखळगा काळाचा. आत्ता चालू असलेली मनःस्थिती सांगायला मराठी पूर्ण काळ वापरते. ‘ती रुसत आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘ती रुसली आहे’ म्हणतात. ‘बाबा रागावले आहेत’ ही स्थिती, ‘बाबा रागावताहेत’ म्हणजे आत्ता कोणाला तरी बोलणी बसताहेत.

कोण कशासोबत येते

परक्या माणसाची मराठी सर्वांत लवकर ओळखू येते ती जोडक्रियापदांत. रुसून बसणे, हुरळून जाणे, खवळून उठणे, गलबलून येणे: यातल्या जोड्या अदलाबदल करून पाहा, कान लगेच नकार देईल. यामागे बऱ्यापैकी नियम आहे. ‘बसणे’ आले की माणूस त्या अवस्थेत ठाण मांडतो (रुसून बसणे, कुढत बसणे). ‘जाणे’ आले की भावना त्याला पूर्ण घेऊन जाते (हरखून जाणे, भारावून जाणे, भांबावून जाणे). ‘उठणे’मध्ये एकदम उसळी असते. ‘येणे’ आतून दाटते आणि तिथे माणूस कर्ता राहतच नाही: ‘मला गलबलून आलं’, ‘तिला भरून आलं’. नवे क्रियापद नोंदताना त्याची जोडी लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नका.

नोंद साधारण अशी दिसावी:

रुसणे, अकर्मक. कोणावर. जोडी: रुसून बसणे. नाम: रुसवा. कोण: लहान मूल, नवरा-बायको, मैत्रीण, लाक्षणिक अर्थाने पाऊस, नशीब. त्यानंतर काय होते: समजूत काढणे, मनधरणी. वाक्य: ‘वाढदिवस विसरलो म्हणून ताई दोन दिवस रुसून बसली.’

वाक्य स्वतःच्या घरातले, ओळखीच्या माणसांचे असावे. कोशातले वाक्य उतरवले तर ते आठवत नाही.

रडणे आणि भिणे

रडण्यात आवाजाची पातळी पाहायची. ‘मुसमुसणे’ दाबलेले, ‘स्फुंदणे’ श्वास अडकत, ‘ओक्साबोक्शी रडणे’ मोकळ्याने. ‘हंबरडा’ आकस्मिक मोठ्या आघाताचा, बहुधा मृत्यूचा. परीक्षेत गुण कमी पडल्यावर हंबरडा फोडला तर वाचणाऱ्याला हसू येते. ‘भोकाड पसरणे’ लहान मुलांचे. मोठ्या माणसाबद्दल म्हटले की त्यात हेटाळणी येते, हे लक्षात ठेवा. ‘हिरमुसणे’ला आधी काहीतरी मिळण्याची आशा हवी. ‘हळहळणे’ बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीवर. ‘कुढणे’ आतल्या आत आणि दीर्घकाळ. ‘गहिवरणे’ दुःखाचेच असते असे नाही, आनंदानेही माणूस गहिवरतो.

भीतीत वेळ महत्त्वाची. ‘दचकणे’ क्षणाचे आणि अंगाचे. ‘चरकणे’ही क्षणाचेच, पण मनात, एखादी वाईट शंका चाटून गेल्यावर. ‘चपापणे’ म्हणजे लपवलेले उघडे पडेल असे अचानक वाटणे. ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, तो सहसा चपापत नाही. ‘बुजणे’ आणि ‘बिचकणे’ अनोळखी गोष्टीसमोर, ‘बावरणे’ नव्या जागी, ‘गांगरणे’ एकदम अनेक गोष्टी अंगावर आल्यावर. ‘धास्तावणे’ पुढे काय होईल याचे, आणि ते महिनोन्‌महिने चालू शकते. ‘टरकणे’ मित्रांत ठीक, अर्जात नाही. ‘भिणे’ चालवताना अडखळायला होते म्हणून रूपे पाठच करा: भितो, भ्यायला, भिऊन, भिऊ नकोस.

एक गट वह्यांमध्ये हमखास सुटतो, कारण त्यात कर्ता माणूस नसून गोष्ट असते: खटकणे, बोचणे, झोंबणे, सलणे. ‘त्याचं बोलणं मला खटकलं’ म्हणजे काहीतरी चुकतेय असे नुसते जाणवले. ‘बोचलं’ म्हणजे दुखले. ‘झोंबलं’ म्हणजे त्यात बहुधा तथ्य होते आणि ऐकणारा उसळला. ‘सलतंय’ म्हणजे वर्षे गेली तरी आत रुतून आहे. ‘वाईट वाटलं’ने या चारही छटा पुसल्या जातात. तसेच ‘मिस करतो’चे. आठवण येते, हुरहुर लागते, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, करमत नाही. परदेशी वाढणाऱ्या मुलांना निदान ‘मला करमत नाही’ एवढे तरी नक्की शिकवावे.

तीन चाचण्या

शब्द बरोबर बसला का हे तपासायला आधी ‘खूप’ लावा. खूप रागावला, खूप घाबरली, खूप रडला हे चालते, कारण ही साधी क्रियापदे आहेत. ‘खूप मुसमुसली’, ‘खूप हबकला’ कानाला खुपते. तीव्रता शब्दातच आहे. लिखाणात ‘खूप’ दिसले की त्याजागी नेमके क्रियापद शोधा, निम्मे काम तिथे होते.

मग वेळ लावा. ‘वर्षानुवर्षे कुढत राहिला’ ठीक, ‘वर्षानुवर्षे दचकत राहिला’ नाही. शेवटी नाते लावा: हेच वाक्य आईबद्दल, साहेबांबद्दल, अनोळखी माणसाबद्दल बोलता येईल का? ‘क्रुद्ध होणे’, ‘व्यथित होणे’, ‘भयभीत होणे’ हे शब्द भाषणात, बातमीत, पौराणिक कथेत बसतात. ‘आई माझ्यावर क्रुद्ध झाली’ हे घरातले वाक्य होऊ शकत नाही.

प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला ती क्रिया करायला लावण्याचे रूप, ‘-वणे’ लावून डोळे मिटून करू नका. रडवणे, हसवणे, घाबरवणे सरळ आहेत. पण ‘चिडवणे’ म्हणजे थट्टा करणे, ‘लाजवणे’चा अर्थ वरचढ ठरणे असाही होतो, आणि ‘रुसवणे’ प्रचारात नाही. ‘सुखावणे’ आणि ‘दुखावणे’ दोन्ही बाजूंनी चालतात: तो दुखावला, आणि त्याने मला दुखावले.

सराव

आठवड्याला पाच-सहा क्रियापदे पुरेत. त्याहून जास्त घेतली की जवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा यादीच उरते. एक साधे वाक्य घ्या: ‘मुलगा उशिरा घरी आला. वडील रागावले.’ आता फक्त क्रियापद बदला आणि प्रसंग त्याप्रमाणे वळवा. खेकसले लिहाल तर दार उघडताच बोलणे आले. वैतागले लिहिलेत तर ही आठवड्यातली तिसरी वेळ असली पाहिजे. धुसफुसत राहिले तर सकाळपर्यंत घरात कोणी नीट बोललेले नसेल. चडफडले म्हणाल तर मुलगा कमावता असेल, घर त्याच्या पगारावर चालत असेल. क्रियापद बदलल्यावर प्रसंगात काहीच बदलावे लागले नाही, तर शब्द अजून कळलेला नाही. परत नोंदीकडे जा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. शब्द झाकून वाक्यातली रिकामी जागा भरा; अर्थ झाकून शब्द वाचण्याचा फारसा उपयोग नाही, त्याने ओळख वाढते, वापर वाढत नाही. महिन्याच्या उजळणीत जो शब्द एकदाही बोलण्यात किंवा लिहिण्यात आलेला नसेल, त्याच्या नोंदीतले वाक्य खोडून दुसरे लिहा. बहुतेक वेळा दोष त्या वाक्यात असतो: ते तुमच्या रोजच्या जगण्यातले नसते.