दात्याच्या मूळपेशी : सांगली-साताऱ्यातील कुटुंबाने करावयाची तयारी

ब्लड कॅन्सरचे निदान झाले की आपल्याकडे पहिली धावपळ रक्ताच्या पिशवीसाठी होते आणि सख्खा भाऊ सर्वांत आधी बाही वर करून उभा राहतो. त्याला तेथेच थांबवावे. पुढेमागे दात्याच्या मूळपेशींचे (अस्थिमज्जेतील, रक्त तयार करणाऱ्या पेशींचे) प्रत्यारोपण करण्याची थोडी जरी शक्यता असेल, तरी रुग्णाला रक्ताच्या नातेवाइकाचे रक्त किंवा प्लेटलेट्स देणे टाळावे. कारण अशा रक्तामुळे नातेवाइकाच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या शरीरात आधीच प्रतिकार तयार होऊ शकतो आणि नंतर ज्याच्या पेशी हव्या असतात, त्याच्याच पेशी न रुजण्याचा धोका वाढतो. भावाने रक्तपेढीत इतरांसाठी रक्त जरूर द्यावे.

त्यानंतर डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्न असा, की या आजाराला दाता लागणार आहे का. मायलोमामध्ये (अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरमध्ये) बहुधा रुग्णाच्याच मूळपेशी काढून परत दिल्या जातात आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा सावकाश वाढणारा ब्लड कॅन्सर बहुतेकांचा गोळ्यांवरच आटोक्यात राहतो. दात्याचा विचार मुख्यतः अक्यूट ल्युकेमियाच्या (झपाट्याने वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरच्या) धोक्याच्या प्रकारांत, उलटलेल्या आजारात आणि मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोममध्ये (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी तयार होण्याच्या आजारात) होतो. तेथे दात्याच्या पेशी नवे रक्त तर तयार करतातच, शिवाय केमोथेरपीतून सुटलेल्या कॅन्सरपेशींवर हल्लाही करतात.

दाता शोधण्याची तपासणी एचएलएची, म्हणजे पेशींवरील ओळखखुणांची असते, रक्तगटाची नव्हे. रक्तगट वेगळा असला तरी प्रत्यारोपण होऊ शकते आणि पुढे रुग्णाचा रक्तगट दात्याप्रमाणे बदलतो. एक सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. भावंडे तीन असतील, तर त्यांपैकी निदान एक जुळण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के होते. म्हणून सासरी गेलेल्या बहिणींनाही पहिल्याच आठवड्यात कळवावे, आणि त्यांच्या सासरच्या मंडळींशी घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः जाऊन बोलावे. निरोपावर हे काम होत नाही. आई, वडील आणि मुले यांचे किमान अर्धे जुळतेच, आणि अशा अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण केले जाते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्यामुळे आणखी एक गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी: रुग्णाचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर आईवडील किंवा चुलत-मावस-आते-मामे भावंडांतही चांगली जुळणी सापडण्याची शक्यता वाढते. घरात कोणी जुळले नाही, तर रुग्णालयामार्फत दात्यांच्या नोंदणी संस्थांकडे शोध घेता येतो. चेन्नईची ‘दात्री’ ही संस्था २००९ पासून हे काम करते. या शोधाला वेळ लागतो, त्यामुळे तो पहिली केमोथेरपी चालू असतानाच सुरू करावा.

दात्याच्या मनातील भीती मात्र मूत्रपिंड देण्याच्या तोडीची असते, आणि ती अनाठायी आहे. बहुतेक वेळा दात्याला सुमारे पाच दिवस इंजेक्शने देतात आणि मग काही तास यंत्रातून रक्त फिरवून मूळपेशी वेगळ्या करतात. त्या दिवसांत हाडे दुखतात, अंग मोडून येते. पण दिलेल्या पेशी शरीर पुन्हा तयार करते.

भारतातील असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात झाले. आपल्याकडून पुणे आणि मुंबई हीच जवळची ठिकाणे. रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक हाती येताच, दाखल होण्यापूर्वीच मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांच्या सहायता निधीकडे अर्ज करावेत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटावे. जमिनीचा सौदा त्यानंतर. प्रत्यारोपणाच्या दिवसापासून साधारण १०० दिवस रुग्णालयाजवळ राहावे लागते, तेव्हा खोलीचे भाडेही हिशेबात धरावे.

प्रत्यक्ष प्रत्यारोपण ही शस्त्रक्रिया नव्हे. आधी जोरदार केमोथेरपी, काहींना रेडिएशन, आणि मग रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी शिरेतून चढवली जाते. पेशी रुजण्यास दोन ते चार आठवडे लागतात.

अवघड भाग घरी परतल्यावर सुरू होतो. हळदीची पावडर, बेदाण्याचे शेड, कडब्याची गंज, सोयाबीनची मळणी, गोठा यांच्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि ते प्रतिकारशक्ती कमी झालेल्या या रुग्णाच्या फुप्फुसात जीवघेणा संसर्ग करू शकतात. कृष्णाकाठच्या ज्या घरांत पुराचे पाणी शिरले होते, तेथे ओल धरलेल्या भिंतींची खोली रुग्णाला देऊ नये. भेटीला येणाऱ्यांना दारातून परत पाठवताना संकोच वाटतो, परंतु तो बाजूला ठेवावा. पाणी उकळलेले, अन्न ताजे व गरम असावे. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडवतात, म्हणून ती वर्ज्य. गावठी काढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. तळहातांवर पुरळ, पाण्यासारखे जुलाब किंवा पिवळे डोळे ही दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटल्याची लक्षणे असू शकतात आणि तीही त्याच दिवशी कळवावीत. सायक्लोस्पोरिनची पातळी तपासण्यासाठी सांगलीहून पहाटे निघताना मात्र सकाळची गोळी घरी घेऊ नये. ती सोबत न्यावी आणि रक्ताचा नमुना दिल्यानंतरच घ्यावी, अन्यथा आकडा फसवा येतो आणि त्यावर ठरलेली मात्राही चुकते.